एम.ए. मानसशास्त्र आणि त्याच्या शाखा: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.ए.चा निकाल लागला की फोन सुरू होतात आणि दरवर्षी प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एका जागी मांडले आहेत. विचारणाऱ्यांची बोली शक्यतो तशीच ठेवली आहे. या विषयातले नियम गेल्या काही वर्षांत बरेच हलले आहेत, त्यामुळे प्रवेश घेताना त्या वर्षीची सूचना स्वतः उघडून वाचा. कुणाच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर पैसे भरू नका.

१. मॅडम, सायकॉलॉजीत एम.ए. केलं म्हणजे डॉक्टर होते का? गोळ्या लिहून देता येतात का?

नाही. गोळ्या लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. त्यासाठी आधी एम.बी.बी.एस. आणि मग त्या विषयातलं एम.डी. किंवा पदविका लागते. मानसशास्त्रवाला बोलून, चाचण्या घेऊन, वागणुकीवर काम करून मदत करतो. नावामागे 'डॉक्टर' लागतं ते पीएच.डी. झाल्यावर, आणि तरीही गोळ्या लिहिता येत नाहीत. घरच्यांना हे प्रवेशाआधीच सांगून टाका. नाहीतर दोन वर्षांनी मावशी बीपीची गोळी विचारायला येते.

२. एम.ए.त शिकवतात तरी काय? मन ओळखता येते का?

समोरच्याचं मन ओळखता येत नाही. शिकवतात ते असं: व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, स्मृती-अवधान-विचार यांसारख्या बोधनिक प्रक्रिया, मनोमापन, अपसामान्य वर्तन, संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र. शेवटच्या दोन विषयांना पोरं घाबरतात. कला शाखेत गणित सुटलं म्हणून सुटकेचा श्वास टाकलेला असतो आणि इथं प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-चाचणी पुन्हा दारात उभे. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. दहावीचं गणित येत असलं तरी भागतं, पण हाताने सोडवण्याचा सराव हवा.

बाकी प्रात्यक्षिकं. आरशात पाहून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची, चुका आणि वेळ मोजायची. दोन सारख्या रेषा लहान-मोठ्या का दिसतात ते मोजायचं. छापील चाचण्या, ज्या बहुतेक आग्र्याहून येतात, त्या कुणावर तरी घेऊन गुण काढायचे. परीक्षेला प्रत्येकाने आपला प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, सोबत आणायचा असतो. कुणी धाकटी बहीण आणते, कुणी एस.टी. स्टँडवर भेटलेला मित्र. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक हमखास विचारतात की हे गुण आले त्याचा अर्थ काय. गुण सगळे सांगतात, अर्थ सांगताना घसा कोरडा पडतो. जर्नल उतरवून काढलेलं असलं की तिथेच कळतं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.त प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण म्हणजे ओजेटी आणि संशोधन प्रकल्प हेही आले आहेत. ओजेटी कुठे करायची याचा विचार पहिल्या महिन्यापासून करा. कारण प्रश्न १६ मध्ये आहे.

३. आमच्या जिल्ह्यातून कुठं करता येते?

जिल्ह्यावरून विद्यापीठ ठरतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम: संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया: राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. चंद्रपूर, गडचिरोली: २०११ साली सुरू झालेलं गोंडवाना विद्यापीठ. बी.ए.ला मानसशास्त्र असलेली महाविद्यालयं तालुक्याच्या गावीही सापडतात, एम.ए.ची मात्र मोजकी असतात. विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत 'एम.ए. मानसशास्त्र' नावानिशी शोधा. मग त्या महाविद्यालयात जाऊन प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. कुलपाची चावी कुणाकडे आहे हे शोधायलाच अर्धा तास लागला, तर प्रात्यक्षिकं कशी होत असतील याचा अंदाज येतो.

बाहेर जायची तयारी असेल तर पुणे आणि मुंबई विद्यापीठांचे विभाग आहेत, मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. केंद्रीय आणि इतर काही विद्यापीठांना सीयूईटी-पीजी ही परीक्षा लागते. तिचे अर्ज बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या कितीतरी आधी निघतात. आपल्याकडे संधी हुकते ती इथेच.

४. माह्या बी.ए.ले मानसशास्त्र नव्हतं. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र होतं. जमते का?

विद्यापीठागणिक नियम वेगळा. काही ठिकाणी पदवीला हा विषय असलाच पाहिजे, काही ठिकाणी कोणत्याही पदवीवर प्रवेश परीक्षेने घेतात. प्रवेश मिळाला तरी पहिलं सत्र जड जातं, कारण वर्गातल्या बाकीच्यांनी चाचण्या आणि संज्ञा तीन वर्षं हाताळलेल्या असतात. सुट्टीत बारावीचं मानसशास्त्राचं पुस्तक नीट वाचून काढा. पातळ आहे आणि मराठीत आहे.

५. शेती सांभाळून घरूनच, म्हणजे डिस्टन्सनं करता येईल का?

पूर्वी येत होतं. इग्नूचं एम.ए. मानसशास्त्र कोणत्याही पदवीवर करता यायचं आणि नागपूरच्या प्रादेशिक केंद्रामार्फत आपल्याकडच्या पुष्कळांनी ते केलं. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात हे विषय येतात, हे त्यामागचं कारण.

आता नवा प्रवेश घ्यायचा तर नियमित महाविद्यालयच. ज्यांनी मनाईच्या आधी, मान्यता असताना प्रवेश घेतला, त्यांची पदवी त्यामुळे बाद होत नाही. मान्यतेचं पत्र आणि प्रवेशाची पावती मात्र जपून ठेवा, नोकरीच्या मुलाखतीत मागतात. अजूनही कुणी 'घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी' विकत असेल, तर त्याच्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचं त्या वर्षीचं मान्यतापत्र मागा. बहुतेकदा पुढचा फोन येत नाही.

६. शाखा किती आहेत? सगळ्या इथं भेटतात का?

पुस्तकात पुष्कळ आहेत: चिकित्सा म्हणजे क्लिनिकल, समुपदेशन, औद्योगिक व संघटनात्मक, शालेय, विकासात्मक, सामाजिक, आरोग्य, पुनर्वसन, न्यायसहायक, क्रीडा, लष्करी, बोधनिक, मेंदू-मानसशास्त्र, समुदाय मानसशास्त्र. प्रत्यक्षात आपल्या भागातल्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षी एकदोन गट निवडायला मिळतात, कधी तेवढेही नाहीत. एकच प्राध्यापक आणि त्यांना जो विषय येतो तोच गट, असंही असतं.

माझं मत विचाराल तर एम.ए.च्या गुणपत्रिकेवर कोणत्या गटाचं नाव छापलंय याचा फार ताण घेऊ नका. खरी शाखा ठरते ती एम.ए.नंतर कुणाच्या देखरेखीखाली, कोणत्या माणसांसोबत काम केलं त्यावर, आणि त्या कामाला कायद्याने परवाना लागतो का यावर. क्लिनिकलला जायला एम.ए.नंतर जे एम.फिल. करावं लागायचं (प्रश्न ९), त्याच्या पात्रतेतसुद्धा मानसशास्त्रातली एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) एवढं सक्तीचं होतं. क्लिनिकलचा विशेष पेपर 'असल्यास बरा' एवढंच. म्हणजे टक्के सोडू नका, गटाचं नाव सुटलं तरी चालेल.

७. एम.ए. बरं का एम.एस्सी.?

दोन्ही चालतं. अभ्यासक्रम पाहून ठरवा, नाव पाहून नाही.

८. क्लिनिकल आणि कौन्सेलिंग यात फरक काय? दोघंही तर बोलतच बसतात.

बोलतात दोघंही. समोर कोण बसलंय आणि काय ठरवायचंय, फरक तिथे आहे.

एक उदाहरण घ्या. ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात चाळिशीतली एक बाई येते. ती 'मला नैराश्य आहे' असं म्हणत नाही. ती म्हणते, 'छातीत धडधड होते, डोकं बधिर राहते, हातापायात जीवच नाही.' ईसीजी ठीक, रक्त थोडं कमी. सलाईन लावून घरी. महिन्याने पुन्हा तीच. आता तिच्याशी बोलायला बसलेल्या माणसाने शोधायचं असतं की हे सोयाबीन गेल्यानंतरचं कर्ज, नवऱ्याचं पिणं आणि न लागणारी झोप आहे. का तीव्र नैराश्य आहे ज्यात जीव द्यायचे विचार येतात. का थायरॉइडसारखं शरीराचंच काही आहे. का तिला कुणी नसताना आवाज ऐकू येतात आणि ती ते सांगायला भीते. पहिल्या प्रकारात समुपदेशक चांगलं काम करतो. ऐकून घेणं, प्रश्न सुटे करणं, पुढच्या आठवड्यात करायच्या दोन गोष्टी ठरवणं, योजनेच्या किंवा बचत गटाच्या माणसाशी जोडून देणं. दुसऱ्या आणि चौथ्यात निदान, चाचण्या आणि मनोविकारतज्ज्ञाबरोबरचं काम लागतं. तो क्लिनिकलवाल्याचा प्रांत. तिसऱ्यात तिला परत डॉक्टरकडे पाठवायचं.

चांगला समुपदेशक ओळखायचा तो इथे. आपल्या हद्दीतलं काय नाही हे त्याला पहिल्या दोन भेटींत कळतं आणि तो पुढे पाठवतो. मेळघाटात रुग्ण आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक मांत्रिकाकडे, जाऊन आलेला असतो, इकडे कुणी देवीच्या ठाण्यावर. त्यावर कपाळाला आठ्या घातल्या की तो माणूस पुढचं काही सांगतच नाही. 'तिथं काय सांगितलं?' हे शांतपणे विचारता येणं हा अभ्यासक्रमात न छापलेला पेपर आहे.

९. मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर नेमका रस्ता कोणता?

ही शाखा परवान्याची आहे. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२ च्या कायद्याने नोंदणी करते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्येही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि ती परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतल्या पात्रतेला बांधलेली आहे.

वर्षानुवर्षं रस्ता ठरलेला होता: एम.ए., मग दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., ज्यात रुग्णालयात देखरेखीखाली काम. २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवीच बंद केली. त्यावर गोंधळ झाला, तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांचं एम.फिल. २०२५-२६ च्या सत्रापर्यंत चालू ठेवायला मुभा दिली. त्याच्या जागी परिषदेची नवी रचना येते आहे, साय.डी. ही डॉक्टरेट पातळीची पदवी आहे, आणि एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी नावाचा परिषदेचा स्वतःचा अभ्यासक्रमही आहे. तुम्ही अर्ज कराल त्या वर्षी यांतलं काय चालू आहे हे आरसीआयच्या संकेतस्थळावरच पाहा. तिथे मान्यताप्राप्त संस्था, जागा आणि मान्यतेची मुदत यांची यादी असते. मुदत संपलेली संस्था जाहिरातीत ती तारीख छापत नाही.

जागा कमी आणि स्पर्धा देशभराची. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही जुनी नावं. प्रवेश परीक्षा इंग्रजीत, मुलाखत बहुधा इंग्रजी-हिंदीत. आपल्या भागातून पोरं लागतात, पण एम.ए. संपल्यावर एक वर्ष केवळ तयारीला देऊन. घरच्यांशी ते वर्ष आधीच बोलून ठेवा.

१०. माह्या एम.ए.च्या मार्कशीटवर 'क्लिनिकल सायकॉलॉजी' छापलं आहे. बोर्डावर तसं लिहू का?

लिहू नका. विद्यापीठाच्या साध्या एम.ए.मधला क्लिनिकलचा गट वेगळा आणि परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम वेगळा. नावं इतकी जवळ आली आहेत की यापुढे फसगत वाढणार आहे. साधी कसोटी: अभ्यासक्रम संपल्यावर परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळतो का? मिळत नसेल तर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी लावता येत नाही. 'समुपदेशक, एम.ए. मानसशास्त्र' लिहा. ते खरं आहे, आणि गावात तेवढं पुरतं.

११. शाळेतल्या पोराची बुद्धिमत्ता चाचणी घेऊन मी सर्टिफिकेट देऊ शकतो का?

चाचणी शिकणं आणि प्रमाणपत्र देणं या दोन गोष्टी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार येतात. त्याचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) शासकीय वैद्यकीय यंत्रणेतूनच निघतं. चाचणी तिथला नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतो. तुमच्या सहीच्या कागदावर बसची सवलतसुद्धा मिळणार नाही, आणि पालकांचे पैसे जातील ते वेगळेच.

जाता जाता एक. देशभर मुलांवर वापरली गेलेली मिसिक ही बुद्धिमापन चाचणी आणि सामाजिक प्रगल्भतेच्या वाइनलँड श्रेणीचं भारतीय रूप ही दोन्ही कामं आपल्या नागपुरात, डॉ. ए. जे. मालिन यांनी केली. एम.ए.च्या वर्गात हे कुणी सांगत नाही, याची मला दरवर्षी चुटपुट लागते.

१२. समुपदेशक व्हायला लायसन लागते का?

क्लिनिकलसारखी सक्तीची नोंदणी या कामाला आजवर नव्हती, म्हणून कुणीही पाटी लावली. प्रश्न ५ मधल्या २०२१ च्या कायद्यात वर्तन-आरोग्य क्षेत्रातले व्यावसायिक धरले आहेत, त्यात क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञही येतात. म्हणजे वारं नोंदणीच्या दिशेनं आहे. आपली पदवी, ओजेटीचं पत्र, देखरेखीखाली केलेल्या कामाच्या तासांची नोंद हे सगळं आतापासून फाइलला लावत चला.

१३. कंपनीत नोकरी पाहिजे. औद्योगिक घेतलं तर बुटीबोरीत लागते का?

औद्योगिक मानसशास्त्रात निवड चाचण्या, प्रशिक्षण, कामातली प्रेरणा, थकवा, अपघात, नेतृत्व असे विषय येतात. बुटीबोरी, मिहान, वेकोलिच्या कोळसा खाणी, चंद्रपूरचं वीज केंद्र आणि सिमेंट कारखाने हे सगळं आपल्या दारात आहे, त्यामुळे विषय सुचायला तोटा नाही. पण मनुष्यबळ विभागातल्या बहुतेक जागांवर एम.बी.ए.वाले असतात आणि कामगार कल्याण अधिकाऱ्याच्या पदाला ठरावीक पदव्या मागतात. नुसत्या एम.ए.वर जायचं तर प्रशिक्षण आणि निवड चाचण्या करून देणाऱ्या संस्थांकडे नशीब आजमावा, एक्सेल आणि इंग्रजी पक्कं करून. खाणीतल्या पाळ्यांच्या झोपेवर किंवा जिनिंगमधल्या कामगारांच्या थकव्यावर संशोधन प्रकल्प केला असेल, तर मुलाखतीत बोलायला काहीतरी स्वतःचं असतं.

१४. फॉरेन्सिक सायकॉलॉजी? टीव्हीत दाखवतात तशी?

टीव्हीतलं विसरा. न्यायवैद्यक प्रयोगशाळांतल्या जागा मोजक्या. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग संशयिताच्या संमतीशिवाय करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा सेल्वी खटल्यातला निकाल आहे. आपल्या भागात या शाखेच्या जवळचं खरं काम म्हणजे बालकल्याण समितीसमोर आलेली मुलं, कौटुंबिक न्यायालयातलं समुपदेशन आणि तुरुंगातले बंदी. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे, जिद्द असेल तर तिकडे पाहा.

१५. मी कबड्डी खेळतो. स्पोर्ट्स सायकॉलॉजी कशी राहील?

आवड चांगली, पण यावर पूर्ण पोट भरेल अशी जागा आपल्याकडे विरळा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी शारीरिक शिक्षणाची मोठी परंपरा इथं आहे. मानसशास्त्रासोबत शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा प्रशिक्षकाचा परवाना असेल तर दोन्ही मिळून काम जमतं. लष्करी मानसशास्त्राबद्दलही विचारणा होते. त्याची संशोधन संस्था दिल्लीला आहे, भरती तुरळक.

१६. गावातच राहून शेतकऱ्यांसाठी काम करायचं आहे. अशी काही शाखा आहे का?

आहे, समुदाय मानसशास्त्र. गटाचं नाव इथल्या महाविद्यालयांत क्वचित दिसेल, काम मात्र सगळ्यात जास्त इथंच झालंय.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी बोलणं, नैराश्य ओळखणं, गरज पडली तर वरच्या पायरीवर पाठवणं अशी त्याची घडण होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचलेल्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात छापून आलं. सरळ अर्थ असा की आधी शंभरातल्या पंच्याण्णव जणांना काहीच मिळत नव्हतं, आणि आपल्यासारख्याच माणसाने दार वाजवल्यावर फरक पडला.

राज्य शासनाचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आला, त्यात आशा ताई घरोघरी जाऊन पाहणी करतात. गडचिरोलीत मुक्तिपथ हे दारू-तंबाखूविरोधी काम २०१६ पासून चालू आहे. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला लावलेली बंदी २०२१ ला उठली. व्यसन, कायदा आणि गावातल्या बायकांची चळवळ हे तिन्ही एकत्र पाहायला याहून चांगली जागा नाही.

म्हणून ओजेटीसाठी शहरातल्या चकाचक केंद्राच्या मागे धावण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात बाजाराच्या दिवशी बसायची परवानगी मागा. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांची माणसं येतात, आणि आशा ताईंशी ओळख झाली की पुढचे दरवाजे त्याच उघडतात. संशोधन प्रकल्पाचा नमुना गोळा करायलाही त्यांचीच मदत होते. त्यांना चहा पाजा आणि प्रबंधात आभार माना. बरेच जण दोन्ही विसरतात.

१७. जिल्ह्यात नोकऱ्या कुठं निघतात?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम (देशात १९९६ पासून), एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्र, किशोरवयीनांची मैत्री क्लिनिक, सखी वन स्टॉप सेंटर, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, पोलिसांचा भरोसा सेल, व्यसनमुक्ती केंद्रं, टेली-मानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. बहुतेक जागा कंत्राटी. जाहिरात जिल्हा परिषद किंवा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर येते आणि अर्जाला मुदत थोडी असते. अनेक जागांवर एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्य केलेल्यांशी स्पर्धा असते. पगार वेळेवर होतोच असं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तीन वर्षांचा अनुभव जो जमतो तो पुढे कुठेही चालतो.

१८. प्राध्यापक व्हायचं तर?

नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, किंवा नियमात बसणारी पीएच.डी. नेटला एम.ए.त ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) लागतात. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० चा, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए. सोबत बी.एड. लागतं. पात्र झालात म्हणजे जागा मिळाली असं नाही. अनेक जण वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतात आणि उन्हाळ्यात मानधन नसतं. हे ठाऊक असूनही वर्गात उभं राहायचं असेल तर जरूर या.

१९. सगळं मराठीतून जमते ना?

एम.ए.च्या उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येतात का ते महाविद्यालयात विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी येतात. पुढे नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते, आणि निदानाच्या डीएसएम, आयसीडी या पद्धती इंग्रजीत. पहिल्या वर्षापासून प्रत्येक संज्ञा वहीत दोन्ही भाषांत लिहा. माणसांशी बोलताना मात्र वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, कोरकू जे येत असेल ते तुमचं भांडवल आहे. बाहेरून आलेल्याकडे ते नसतं.

२०. पैशाचं कसं?

राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भारत सरकार शिष्यवृत्ती आणि राजर्षी शाहू शुल्क योजनेचे अर्ज भरा. वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् या योजना आहेत. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी, महाज्योती या शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती असतात. २०२४ मध्ये जाहीर झालेली मुलींची शंभर टक्के शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे; एम.ए.ला ती लागू समजून घरी बसू नका. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता या दोन कागदांनी जेवढी वर्षं खाल्ली तेवढी नापास होण्याने खाल्ली नसतील, तेव्हा ते आधी काढा.

२१. लग्न ठरलं आहे. एका वर्षानं सोडावं लागलं तर सगळं वाया का?

वाया नाही. नव्या रचनेत पहिल्या वर्षाचे श्रेयांक पूर्ण करून बाहेर पडल्यास पदव्युत्तर पदविका मिळते, आणि ते श्रेयांक (क्रेडिट) विद्यार्थ्याच्या नावाने श्रेयांक बँकेत जमा राहतात. तरी सासरचं गाव कोणत्या विद्यापीठात येतं ते बोलणीतच विचारून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पदविकेवर प्रश्न १७ मधल्या जागा सहसा मिळत नाहीत, त्यांना पूर्ण एम.ए. मागतात.

२२. मले सोताले दोन वर्षांआधी डिप्रेशन होतं, गोळ्या चालू होत्या. मी हा विषय घेऊ नये का?

घेऊ शकता. प्रवेश अर्जात हे कुणी विचारत नाही, आणि तुमच्या संमतीशिवाय ही माहिती इतरांना सांगता येत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गोपनीयतेचा हक्क देतो. दोन गोष्टी मात्र पाळा. अभ्यास हा उपचार नाही, म्हणून गोळ्या किंवा भेटी चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि अपसामान्य वर्तनाचा पेपर वाचताना प्रत्येक लक्षण आपल्याला आहे असं वाटतं. ते जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. तरी जड झालं तर शिक्षकांशी किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर बोला. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

२३. एम.ए. झाल्यावर गावातच समुपदेशन केंद्र टाकलं तर चालेल का?

चालेल, पण गावाची अडचण शहराला माहीत नसते. इथे येणारा प्रत्येक जण तुमचा कुणीतरी असतो. चुलत मामा, शाळेतला बाकावरचा, किंवा ज्याच्याकडून वडिलांनी बियाण्याला उसने घेतले तो. पुस्तक सांगतं की नात्यातल्या माणसाचं समुपदेशन करू नये. गावात तो नियम पाळला तर दिवसभर माशा माराल. तडजोड अशी: जवळच्या रक्ताच्या नात्यातला, ज्याच्याशी पैशाचा व्यवहार आहे तो, आणि जिथे नवरा-बायको दोघंही तुमचे परिचयाचे आहेत असं भांडण, हे तिन्ही दुसऱ्याकडे पाठवा. त्यासाठी शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या समुपदेशकाशी आधीच बोलून ठेवा. तुम्ही त्याची माणसं घ्या, त्याने तुमची.

केंद्र पानठेल्यासमोर नको. कोण आत गेलं ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं. काही जण ग्रंथालयाच्या मागची खोली घेतात, काही जण आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या गावी बसतात. रजिस्टरमध्ये पूर्ण नाव लिहू नका, क्रमांक लिहा, आणि नाव-क्रमांकाची वही कुलपात.

आणि एक परिस्थिती अशी की तिथे थांबायचं नाही. समोरचा माणूस जीव द्यायचं बोलला, फवारणीचं औषध घरात कुठे आहे हे सांगू लागला, तर 'कुणाला सांगणार नाही' हे वचन तिथे लागू होत नाही. त्याला एकटं सोडू नका, घरच्या एका विश्वासाच्या माणसाला बोलवा, औषधाचे डबे त्याच दिवशी घराबाहेर काढायला लावा आणि जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. प्रयत्न केलेल्या माणसावर गुन्हा दाखल होईल या भीतीने लोक दवाखान्यात नेत नाहीत. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. हे घरच्यांना मोठ्याने सांगा.

२४. तीन महिन्यांत 'सर्टिफाइड सायकोथेरपिस्ट' करून देतो म्हणतात, फी पंधरा हजार. करू का?

त्या प्रमाणपत्राने प्रश्न ९ मधली नोंदणी मिळत नाही, प्रश्न १७ मधली जागा मिळत नाही आणि प्रश्न १८ मधली पात्रताही नाही. एम.ए.नंतर एखादं ठरावीक कौशल्य, जसं व्यसनमुक्तीचं किंवा मुलांसोबतच्या कामाचं, शिकायला छोटा अभ्यासक्रम करणं ठीक. तेव्हाही शिकवणारा स्वतः कुठे काम करतो आणि तुमच्या प्रत्यक्ष केसवर देखरेख कोण करणार हे विचारा. दोन्हींचं उत्तर 'व्हिडिओ पाठवू' असं आलं, तर ते पंधरा हजार दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी राहू द्या.